माळव्याची जीभ

आमच्या घरातल्या पुरुषांना ओठावर लागलेला गूळ जिभेने पुसता येत नसे. जेवताना मिशीखाली वरणाचा थेंब राहिला, की मोठेबाबा खांद्यावरच्या पंच्याने तो पुसत, माझा भाऊ मनगटाने पुसे आणि मी सदऱ्याच्या बाहीने. जीभ ओठांच्या बाहेर येतच नसे. खालच्या दातांच्या कुंपणापर्यंत येऊन थांबे. मला वाटे, माणसाची जीभ तेवढीच असते. गाई-म्हशींची लांब असते, कारण त्यांना हात नसतात. हा शोध मी सात-आठ वर्षांचा असताना लावला होता. तो खोडून काढणारं घरात कोणी नव्हतं.

बोलण्याचंही तसंच. र आम्हाला साधत नसे, ळ तर नाहीच. तोंडात गरम भाताचा घास धरून बोलावं तसे आमचे शब्द बाहेर येत. बाजारात दुकानदार दोन-दोनदा विचारी. या सगळ्याचं एक स्पष्टीकरण आमच्या घरात तयार होतं आणि ते मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, सांभाळलं होतं. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले. ही जीभ तिकडची. वरच्या ओठाखालची जाड शिवण दोन दातांच्या मध्ये उतरून आमच्या सगळ्यांच्या समोरच्या दातांत फट पडली होती, तीही तिकडचीच खूण. "बाकीच्यायनं इथलं पानी पिऊन जीभ बिघडवली," ते सांगत, "आपन राखली."

गावात माळव्यातून आलेली आणखी वीस घरं होती आणि त्या वीसही घरांतली माणसं खणखणीत बोलत. मोठेबाबांच्या मते त्यामुळेच आमचं वेगळेपण सिद्ध होत होतं. ज्याला पुरावा नकोच असतो त्याला उत्तरांची कधी वाण पडत नाही.

मी हे तुच्छतेने लिहितो आहे खरं, पण त्याआधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आम्हा दोघा भावांना मोठेबाबांनी वाढवलं. मला शाळेत घालण्याचा हट्ट त्यांचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. त्यांचं ऋण माझ्यावर आहे आणि मरेपर्यंत राहील. ऋण असलं म्हणून मूर्खपणाला शहाणपण म्हणता येत नाही, एवढंच.

(घरात आम्ही आमची बोली बोलत असू. इथे मी ती वाचणाऱ्याला कळेल अशी सैल करून लिहितो.)

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. तलावाच्या पाण्यावर बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पिकत, धान बरा होई, आणि त्या धानापलीकडे जगात काही असतं यावर गावाचा फारसा विश्वास नव्हता. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे मला गोंदियाच्या कडेला मुर्रीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी ठेवलं. तिथून मी पायी गोंदियाला शाळेत जाई. त्या घरातली मुलगी चौथी पास होऊन घरी बसली होती, कारण तिची आई वारली होती आणि चूल तिच्याकडे आली होती. माझी पुस्तकं ती माझ्याआधी वाचून संपवी. पुढे तीच माझ्या भावाची बायको झाली. तिच्याबद्दल सांगायचं आहे, पण ते नंतर.

गोंदिया हिंदी बोलणारं गाव. शाळेतली पोरं मला "माळवा" म्हणत, कारण पहिल्याच दिवशी मी माझ्या घराण्याची थोरवी वर्गात सांगून बसलो होतो.

"ए माळवा, जरा 'रेलगाडी' बोल के दिखा."

मी बोलून दाखवी. ती हसत. मला वाटे, माळव्याची भाषा यांना समजत नाही, अडाणी आहेत. इतका मी मूर्ख होतो.

मास्तर मंडळी पोरांपेक्षा शहाणी असावीत अशी अपेक्षा असते. एका मास्तरांचं निदान आळस. जिभेला कसरत नाही म्हणून ती जड झाली आहे, असं म्हणून ते मला बाकावर उभं करून पाढे म्हणायला लावत आणि दर चुकीला छडी मारत, हातावर. जीभ तोंडात आणि छडी हातावर, हा उपचार मला आजही कळलेला नाही. दुसऱ्यांचं निदान भीती. तिसऱ्यांचं, खेड्यातली हवा. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी झेंडावंदनाला विद्यार्थ्याने करायचं भाषण मी लिहिलं होतं, कारण वर्गात माझा निबंध सगळ्यांत चांगला असे. तालमीला मी दोन वाक्यं बोललो. हेडमास्तरांनी हात वर केला.

"भाषण छान आहे. दुसऱ्या कोणाला द्या. पहिल्याच दिवशी देश असा बोलायला नको."

माझं भाषण एका वकिलाच्या मुलाने वाचलं. टाळ्या झाल्या. त्याला पेन्सिल मिळाली.

आमच्या मराठीच्या मास्तरांना मात्र मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो. त्यांनी मला तोंडी प्रश्न विचारणं बंद केलं आणि उत्तरं लिहून आणायला सांगितलं. मी कॉलेजपर्यंत पोचलो तो त्या एका सवलतीवर. त्यांनीच मला वेखंड दिलं, मधात उगाळून जिभेवर लावायला. माझ्या मायनेही तिच्या परीने केलं. पोपटाने टोचलेला पेरू खाल्ला की जीभ सुटते, म्हणून एक अख्खा हंगाम तिने परसातल्या झाडाखालचे अर्धे खाल्लेले पेरू वेचून मला खाऊ घातले. छडी, वेखंड, मध, पेरू. एवढ्या सगळ्यांनी माझ्या जिभेवर काही ना काही केलं, पण जीभ वर उचलून तिच्याखाली काय आहे हे पाहावं असं एकालाही सुचलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायला सगळ्यांनाच किळस वाटते. त्यात उष्ट्याचा विचार, जातीचा विचार. मत द्यायला मात्र कसलाच विटाळ आड येत नाही.

कॉलेजसाठी मी नागपूरला गेलो. दुसऱ्या वर्षी माझ्या खोलीशेजारी माळव्यातला एक मुलगा राहायला आला, उज्जैनकडचा. मला इतका आनंद झाला, की मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, आपण एकाच मातीचे. तो बोलू लागला. त्याचा र असा वाजत होता, की जणू तांब्यावर नाणं पडतं आहे. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे सगळे असेच बोलतात का. तो म्हणाला, "असेच म्हणजे कसे?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दयेने त्याने विषय बदलला.

त्या दिवशी खोलीत येऊन मी आरशासमोर जीभ बाहेर काढायचा प्रयत्न केला. ती दातांपाशी थांबली आणि तिच्या टोकाला मध्येच खाच पडली, नागवेलीच्या पानाला देठाकडे असते तशी. मी उचलून पाहिलं. जिभेखाली मधोमध एक पांढरी, ताठ दोरी होती, टोकापर्यंत आलेली, बैलाला दाव्याने खुंट्याशी बांधावं तशी. मी ते पाहिलं. घराण्याची गोष्ट खोटी आहे हे त्या क्षणी मला समजलं.

आणि मी गप्प बसलो. घरी गेल्यावर मोठेबाबा पाहुण्यांना माळव्याची गोष्ट सांगत तेव्हा मी मान डोलवत असे. मास्तरांना हसायचा मला अधिकार आहे की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

बी. ए. होऊन मी गावी परतलो आणि शाळेत नोकरी मिळण्याची वाट पाहत बसलो. त्याच हिवाळ्यात, धानाच्या मळणीच्या दिवसांत, वहिनीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिला आई नव्हती, म्हणून आमच्याच घरी झालं. मूल चांगलं होतं, रडायला जोर होता. तिसऱ्या दिवसापासून तो जोर उतरू लागला.

ती दिवसभर छातीशी असे आणि तरी उपाशी असे. पिताना टक्, टक् असा आवाज येई, कोणी लांब बसून चुटक्या वाजवाव्यात तसा. दोन घोट झाले की छाती सुटे, मूल रडे, पुन्हा लावावं, पुन्हा टक् टक्. वहिनीच्या छातीला चिरा पडल्या, रक्त येऊ लागलं. दुपट्यातले लंगोट सकाळी घातलेले दुपारीही कोरडेच निघत. बाराव्या दिवशी नाव ठेवलं तेव्हा मुलीच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती, जणू दुसऱ्या मोठ्या मुलीची घातली आहे.

शेजारच्या बायका येऊन बघून जात आणि जाताना काहीतरी ठेवून जात. दूध पातळ आहे. दूध जड आहे. दूध आटलं आहे. मुर्रीकडच्या बायकांचं दूध असंच असतं. नजर आहे. एकाच छातीत इतक्या प्रकारचं दूध असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

खरं बोलली ती एकटी सुईण. बाळंतपण तिनेच केलं होतं. चौथ्या दिवशी तिने मुलीच्या तोंडात बोट घातलं, आत फिरवलं आणि सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, येऊन सरळ सांगितलं.

"जीभ जोडली आहे पोरीची. दूध ओढता येऊन नाई रायलं तिले. नख मारून देते, सुटते."

तिच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. ते ती या कामासाठीच राखत असे. मोठेबाबा उठून उभे राहिले.

"आमच्या घरची जीभ आहे ते. तुह्या सासूनंही माह्या येळेस हेच म्हटलं होतं. माह्या बापानं तिले हाकललं."

"मंग तुमी वाचले, मालक. सगळेच नाई वाचत."

"निघ."

इथे मी माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग केला. पुढे होऊन मी तिला नखातल्या मळाविषयी आणि जंतूंविषयी चांगलं दहा मिनिटं ऐकवलं, शुद्ध मराठीत, र चुकवत. ती ऐकून घेत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "बरं. मंग तुमी काय करता, बाबू?"

ती पदर खोचून निघून गेली. नखाबद्दल मी बरोबर होतो, हे खरं आहे. दोरी मीही पाहिली होती, माझ्याच तोंडात, नागपूरच्या आरशात, हेही खरं आहे. आणि तेवढं मी बोललो नाही.

मोठेबाबांनी उपाय ठरवला. गाईचं दूध, कापसाच्या वातीने थेंब थेंब. "आमच्या घरची सगळी लेकरं अशीच वाढली," ते सपरीतून आत ऐकू जाईल असं म्हणाले.

आमच्याकडे सून थोरल्या सासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर येतही नाही. पण बोलायला वाट असते. दाराच्या आड बसून वहिनी मांडीवरच्या मुलीशी बोलली, तेही सपरीत ऐकू येईल इतक्या आवाजात.

"ऐकलं का वो बाई? तुहा आजा म्हनते, सगळी लेकरं अशीच वाढली. जी वाढली तीच मोजते तुहा आजा. जी गेली ती कोन मोजन?"

मोठेबाबा उठले. खळ्यावर निघून गेले.

बारशानंतर चौथ्या दिवशी दुपारी मोठेबाबा आणि भाऊ मळणीवर होते. वहिनीने मला मागच्या दारी बोलावलं. तिथे ऊन चांगलं पडत असे.

"भाऊजी, तोंड उघडा."

"काऊन?"

"उघडा म्हनते ना. सात वर्षं आमच्या घरी जेवले तुमी. आता मले लाजता?"

मी तोंड उघडलं. "जीभ वर करा," ती म्हणाली. जितकी झाली तितकी केली. तिने वाकून पाहिलं. मग मुलीच्या गालावर टिचकी मारली, ती रडली, तिचं तोंड उघडलं. वहिनीने त्या तोंडात पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडात पाहिलं. मुलीची जीभ रडताना मधोमध खचली होती, तेच पान, तोच देठ.

"एकच दोरी आहे," ती म्हणाली. "हे माळव्याचं नाई, भाऊजी. हे कातडं आहे." मग तिने विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इतकं शिकून बोलता नाई येत असन, तर मी चौथीच बरी."

माझी माय उखळापाशी बसून हे ऐकत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती मुसळ बाजूला ठेवून मला म्हणाली, "तुह्या आधीची दोघं अशीच टक् टक् करत गेली. एक अठराव्या दिवशी. एक महिन्याचं होऊन." ती दोन मुलं होती एवढं मला माहीत होतं. त्यांना बाहेरचं लागलं असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. माय पुढे म्हणाली, "पोरीले घेऊन जा. आज जा."

मुलीचा तो सोळावा दिवस होता.

माझा भाऊ खळ्यावरून पाणी प्यायला आला होता. माझा भाऊ बोलत नसे. गावात लोकांना तो मितभाषी आणि गंभीर वाटे; खरं कारण त्याच्या तोंडात होतं आणि शाळेत तो दोन वर्षांहून जास्त टिकला नाही त्याचंही. त्याने मायकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पाण्याचा गडू खाली ठेवला आणि रेंगीला, आमच्या हलक्या बैलगाडीला, बैल जुंपू लागला.

मळणी सोडून बैल काढले म्हटल्यावर मोठेबाबा आलेच. रेंगीसमोर उभे राहिले.

"जीभ कापाले चालले? माह्या घरची?"

भाऊ बैलांच्या माना कुरवाळत राहिला. मी जमिनीकडे पाहिलं. बोलली ती वहिनीच, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, मुलीकडे तोंड करून.

"बाई वो, आज्याले सांग, जीभ घरची असन तर घरीच ठेवा. मी पोरगी वाचवाले चालली. आज्याले बसाचं असन तर जागा आहे, नाई तर बैलाच्या समोरून बाजूले व्हा म्हनाव."

मोठेबाबा बाजूला झाले. मग रेंगी हलताच मागून चढून बसले. डॉक्टरला काही करू द्यायचं नाही या इराद्याने ते आले, हे त्यांनी वाटेत तीनदा सांगितलं. बैल स्टेशनापर्यंत, तिथून गाडी. डब्यात मुलगी रडायचीही थांबली होती. वहिनी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोटाची मागची बाजू धरून पाही.

गोंदियाच्या बाजारातले ते डॉक्टर म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गर्दी बाजूला सारून त्यांनी मुलीला घेतलं, बोट धुतलं आणि तिच्या तोंडात घातलं.

"कब से ऐसा है?"

"चार पिढ्यांपासून," मोठेबाबा म्हणाले.

"मैं बच्ची का पूछ रहा हूँ, बाबूजी. इतिहास बाद में."

त्यांनी मुलीची जीभ बोटाने उचलून आम्हाला दाखवली. ही दोरी सगळ्यांनाच असते, हिची आखूड आहे आणि टोकापर्यंत आली आहे. जीभ पुढे येत नाही म्हणून पकड बसत नाही, पकड नाही म्हणून दूध येत नाही, आणि आईचं रक्त निघतं तेही त्यामुळेच. दुधात काही खोट नाही. हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन मिनिटांत. मी मोजू नये असं ठरवलं तरी मनाने मोजलंच, चार पिढ्या आणि दोन मिनिटं.

"किसी ने देखा नहीं अब तक?"

"सुईणीने पाहिलं होतं," मी म्हणालो. "नख मारते म्हणत होती."

"तो आपके गाँव में एक डॉक्टर है. मेरा सलाम कहना उसको. और कहना, नाखून काट ले." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मुँह खोलो."

मी उघडलं. मग त्यांनी भावाला उघडायला लावलं. मग मोठेबाबांना. मोठेबाबांनी ओठ घट्ट मिटले.

"हे माळव्याचं आहे," ते दातांतून म्हणाले.

"मालवा? मैं इंदौर में पढ़ा हूँ, बाबूजी. वहाँ लोग दोना चाट-चाट के रबड़ी खाते हैं. खोलिए."

साठ वर्षांच्या आयुष्यात मोठेबाबांच्या तोंडात पहिल्यांदा कोणीतरी डोकावलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अपमानाचा नव्हता. दाराला कडी घालून बसलेल्या माणसाचं दार कोणी सहज ढकलावं आणि कडी कधी नव्हतीच हे कळावं, तसा होता.

वहिनीने विचारलं नाही, वाट पाहिली नाही. मुलीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून तिचे दोन्ही हात स्वतः धरले. कात्री उकळत्या पाण्यातून काढली होती. एक कट्, आणि रक्ताचे दोन थेंब. मुलगी एकदा कळवळून रडली. डॉक्टर म्हणाले, लगेच छातीशी धरा. वहिनी आडोशाला भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही तिघे पुरुष दाराकडे पाहत उभे राहिलो आणि कान मात्र मागे.

टक् टक् आलं नाही. काहीच आलं नाही. मग घोटाचा आवाज, जाड, सलग. आणि वहिनीचा हुंदका, एकच.

मी डॉक्टरांना ओठाच्या शिवणीबद्दल विचारलं, कारण मुलीला तीही होती. ते म्हणाले, राहू द्या, तिने काही अडत नाही. फार तर दातांत फट पडेल. जे अडतं तेवढंच कापायचं. मला म्हणाले, "तुम्हारी भी हो सकती है, सुई लगाके, दो टाँके. पर बोलना मैं नहीं सिखाऊँगा, वो तुमको सीखना पड़ेगा." भावाला विचारलं तर त्याने नको म्हणून मान हलवली. "मले कोनाशी बोलाचं आहे," एवढं तो परतताना म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं एकमेव वाक्य.

शाळेत रुजू होण्याआधी मी माझी दोरी कापून घेतली. आठ दिवस तोंड दुखलं. जीभ सुटली आणि र काही आला नाही. बावीस वर्षं चुकीच्या वाटेने चालायची सवय लागलेली, दावं सोडलं म्हणून बैल लगेच धावत नाही. रोज सकाळी बांध्यांच्या धुऱ्यांवरून, मधल्या मातीच्या बांधांवरून, चालत मी एकेक शब्द घोटत असे. पाच-सहा महिन्यांनी र आला, तोही पाहुण्यासारखा, मनात असेल तर. ळ अजून पूर्ण आलेला नाही. माझ्या वर्गातली पोरं हसतात. मी त्यांना तोंड उघडून दाखवतो आणि का ते सांगतो. वर्गात कोणी अडखळणारं मूल आलं, की पहिल्या दिवशी त्याची जीभ उचलून पाहतो. बहुतेकांना काहीच नसतं, त्यांचं अडखळणं दुसऱ्या कशाचं असतं. तेही पाहिल्यावरच कळतं.

मुलगी महिन्याभरात मांड्यांत भरली. मोठेबाबांचं काय झालं? ते बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. विहिरीवर, बाजारात, पाहुण्यांत त्यांनी नवीन गोष्ट सुरू केली. माळव्याची जीभ मुलग्यांकडे येते. मुलीची कापली तर काही बिघडत नाही, ती काय, दुसऱ्या घरी जाणार. ज्या मुलीचा श्वास गाडीत वहिनी बोटाने तपासत आली, तिला मांडीवर घेऊन ते ही गोष्ट सांगत. ती त्यांच्या हातावरचा गूळ चाटून खात असे, जीभ पार हनुवटीपर्यंत काढून, आणि ते सांगत राहत.

तीन वर्षांनी भावाला मुलगा झाला. घरात आनंद झाला आणि घर गप्पही झालं. आता मोठेबाबांच्या गोष्टीला पळवाट उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी टक् टक् ऐकू आलं. वहिनी आतून काही बोलली नाही. माय बोलली नाही. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मोठेबाबांनी भावाला हाताने खूण केली आणि थोड्या वेळाने सपरीसमोर सुईण येऊन उभी राहिली. सपरीपासून सात पावलं दूरच, पदर खोचून. तिला हाकलल्यापासून ती आमच्या दारात आली नव्हती; डॉक्टरांचा सलाम आणि नखाचा निरोप मीच तिच्या घरी जाऊन दिला होता. बाळंतपणाला आम्ही या वेळी दुसऱ्या गावची बाई आणली होती.

मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुलाला मागवून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्याच्याशी बोलू लागले.

"ऐक गा. त्या बाईले म्हनाव, बोट घाल अन् पाह्य."

सुईणीने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग तीही खाली बसून मुलाशीच बोलली.

"तुह्या आज्याले सांग बाबू, घालते. नख कापूनच आली आहो म्हना. आन् बैल जुंपून ठेव म्हना, मले जे दिसनार आहे ते तुह्या आज्याले चार पिढ्यांपासून माहीत आहे."

आत वहिनी हसली. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. मोठेबाबांनीही ऐकलं असणार, पण भाऊ बैल जुंपायला उठून गोठ्याकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं नाही.